तळटीप १७ : ‘बेचाळीसवर टाकणे’

१७. बेचाळीसवर टाकणे : प्रयोगशाळेतली बोली. जनुकाच्या आधी डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, तो प्रमोटर. आरएनए पॉलिमरेज त्यावर बसते, डीएनएचे दोन धागे उसवते आणि जनुकाची नक्कल सुरू होते. थंडीत हे उसवणेच अवघड जाते, म्हणून गारठ्यात बहुतेक प्रमोटर मंदावतात.

येथे उल्लेख आहे तो मात्र मुद्दाम बसवलेल्या खटक्याचा. लॅम्डा या विषाणूच्या प्रमोटरवर ‘सीआय-८५७’ नावाचे प्रथिन ठाण मांडून बसते. ३० अंशांना ते घट्ट असते आणि जनुक बंद. ४२ला ते मोडते, वाट मोकळी होते. अशा उष्णता न सोसणाऱ्या पहारेकऱ्याचे वर्णन सुस्मन आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी १९६२ मध्ये केले. कृती साधीच : ई. कोलायचा गढूळ चंबू ३० अंशांच्या शेकरमधून काढून गरम पाण्यात घुसळायचा. महागडे रसायन लागत नाही. पण ४२ला जिवाणूही होरपळतो. सिग्मा-३२ हा पॉलिमरेजचा साथीदार वाढतो, त्याचे उष्माघाताचे प्रमोटर जागे होतात आणि निकालात त्यांचीही लुडबूड असते. उलट ‘सीएसपीए’ या थंडीत जागणाऱ्या जनुकाचा प्रमोटर १५ अंशांच्या आसपास उपयोगी पडतो.

मजकुरातली ‘नॉलेज सिटी’ : लोक चंदीगड म्हणतात; पत्ता मोहालीचा, सेक्टर ८१, पंजाब. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेनंतर वर्षभराने, २००७ मध्ये स्थापन झालेली आयसर मोहाली इथेच आहे. मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीच्या पहाटे एकआकडी होतो, तेव्हा पुढच्या परिच्छेदातले ‘खोलीचे तापमान’ जपूनच वाचावे.