भूल आणि तिची भरपाई : बेने इस्रायलांच्या मराठी धर्मग्रंथांची कहाणी

इ. स. १८७४ मध्ये पुण्यात एक सचित्र पुस्तक छापले गेले. यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या रात्री घरोघरी वाचावयाची ती पोथी होती. हिब्रू भाषेत तिला ‘हगादा’ म्हणतात. मूळ हिब्रू मजकुरासोबत तीत मराठी भाषांतर दिलेले आहे. आणि सणासाठी बेखमीर भाकरी करण्याच्या चित्रांत ज्या स्त्रिया दाखविल्या आहेत, त्यांनी लुगडी नेसलेली आहेत. याच्याही आधी, १८४६ मध्ये, मुंबईत हगादेची मराठी भाषांतरासह आवृत्ती निघाली होती. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या पुस्तकांची नोंद क्वचितच सविस्तर घेतली जाते. तथापि ज्या समाजासाठी ती निघाली, त्याच्या दृष्टीने त्यांचे मोल फार मोठे होते. शतकानुशतके नकळत घडत आलेल्या चुका निस्तरण्याचे ते साधन होते.

हा समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज समुद्रमार्गाने येत असता अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच जीव वाचले. सामानसुमान बुडाले, त्याबरोबर धर्मग्रंथही गेले. वाचलेली माणसे कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांतून स्थायिक झाली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि किहीमचे किहिमकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर अशी आडनावे त्यांना पडली. शनिवारी ती घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा विस्मृतीत गेली. टिकून राहिले ते मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे, शनिवार पाळणे, पर आणि खवले असलेलीच मासळी खाणे आणि ‘शेमा’ हे एकेश्वराची ग्वाही देणारे वचन. सुंता असो, लग्न असो वा अंत्यविधी असो, तेच एक वचन सर्व प्रसंगी म्हटले जाई.

सणांची नावे पाहिली म्हणजे या विस्मृतीचे स्वरूप ध्यानी येते. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस, ज्याला इतरत्र ‘योम किप्पूर’ म्हणतात, तो ‘दारफळणीचा सण’. त्या दिवशी घराची दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून उपवास केला जाई. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो ‘बिरड्याचा सण’. कारण त्या दिवशी जेवणात वालाचे बिरडे असे. वल्हांडणाच्या दिवसांत आंबट-आंबवणाचे भांडे झाकून ठेवीत आणि सणालाही त्यावरूनच नाव पडले होते. मिसर देशातील दास्यातून झालेली सुटका, घाईघाईत न फुगलेल्या पिठाच्या भाकरी घेऊन निघालेले पूर्वज, ही सारी कथा लोपली होती. त्या आठ दिवसांत आंबवलेले चालत नाही, एवढे मात्र घरातील वडीलधाऱ्या बायका जाणून होत्या. कारण गेले, भांडे झाकलेले राहिले.

अशा स्थितीत आचारात ज्या उणिवा राहिल्या, त्यांना काय म्हणावयाचे? यहुदी धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार अत्यंत बारकाईने केलेला आहे. जाणूनबुजून नियम मोडणारा, बळजबरीमुळे मोडणारा आणि अजाणता मोडणारा असे तीन प्रकार ते मानते. यांपैकी तिसऱ्याला हिब्रूत ‘शोगेग’ म्हणतात. मोशेच्या पंचग्रंथांतील ‘लेवीय’ या ग्रंथाचा चौथा अध्याय सर्वस्वी अजाणता घडलेल्या पापांविषयीच आहे. प्रमुख याजकाच्या हातून चूक झाली तर गोऱ्हा, अधिपतीकडून झाली तर बकरा, सामान्य माणसाकडून झाली तर बकरी किंवा मेंढी अर्पण करावी, असे तेथे सांगितले आहे. सर्व समाजाकडूनच चूक घडली तर काय करावे, याचाही विधी त्यात आहे. यातून दोन गोष्टी दिसतात. चूक नकळत झाली म्हणून ती झालीच नाही असे शास्त्र मानीत नाही. आणि चूक करणारा याजक असो वा सामान्य माणूस, भरपाईचा मार्ग प्रत्येकाला ठेवलेला आहे. ‘गणना’ या ग्रंथात तर ज्यांना अशुद्धतेमुळे किंवा दूरच्या प्रवासामुळे वेळेवर वल्हांडण करता आले नाही, त्यांच्यासाठी एका महिन्याने दुसरा वल्हांडण सांगितला आहे.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि बलिदाने थांबली. त्यानंतर प्रार्थना, अनुताप आणि दानधर्म यांनी ती जागा घेतली. तालमुदातील एक कथा या संक्रमणाची साक्ष देते. शब्बाथच्या रात्री दिव्याच्या उजेडात वाचू नये, असा पंडितांचा दंडक होता. कारण वाचनाच्या नादात माणूस दिवा कलता करील आणि त्या दिवशी वर्ज्य असलेले काम त्याच्या हातून होईल, अशी भीती. रब्बी इश्माएल बेन एलिशा म्हणाले, ‘मी वाचीन, पण दिवा कलता करणार नाही.’ आणि एकदा वाचता वाचता त्यांनी दिवा कलता केलाच. तेव्हा त्यांनी आपल्या वहीत नोंद करून ठेवली, की मंदिर पुन्हा उभे राहील तेव्हा या चुकीबद्दल आपण पुष्ट पापबली अर्पण करू. मंदिर नाही, बलिदान नाही, तरी चुकीची नोंद राहिली पाहिजे, हा त्यातील भाव. ग्रंथात रमून भान हरपणारा हा पंडित वाचनालयाच्या सभासदांना परका वाटू नये.

रोजच्या व्यवहारात मात्र शास्त्राचा कल माणसाला सावरून घेण्याकडे आहे. शब्बाथ दिवशी कोणी चुकून स्वयंपाक केला तर तो खाता येतो, मुद्दाम केला तर खाता येत नाही, असे ‘मिश्ना’ या संहितेत म्हटले आहे. त्याच संहितेच्या शब्बाथविषयक प्रकरणात विस्मृतीची प्रतवारी दिलेली आहे. आजचे अमुक काम वर्ज्य आहे हे ठाऊक नसेल, तर मोडलेल्या प्रत्येक मुख्य कामाबद्दल एक बलिदान. शब्बाथचा नियम ठाऊक आहे पण आज शब्बाथ आहे याचा विसर पडला, तर प्रत्येक शब्बाथबद्दल एक. आणि शब्बाथ नावाची गोष्टच जो मुळापासून विसरला, त्याने वर्षानुवर्षे कितीही नियम मोडले तरी सर्व मिळून एकच. अज्ञान जितके गाढ, तितका दोषाचा भार हलका, असा हा विलक्षण हिशेब आहे.

या हिशेबाच्या टोकाला तालमुदाने एक व्यक्ती उभी केली आहे : लहानपणीच परक्यांच्या हाती सापडलेले मूल. ज्याला आपला धर्म कोणी शिकविलाच नाही, त्याला नियमभंगाचा जाब कसा विचारावयाचा? बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्री मोशे बेन मैमोन, म्हणजेच मायमोनिडीज, यांनी हे तत्त्व आणखी पुढे नेले. वडिलोपार्जित चुकीच्या शिकवणुकीत वाढलेल्यांनाही या मुलासारखेच समजावे आणि शांततेच्या मार्गाने त्यांना परत आणावे, असे त्यांनी लिहिले. याच मायमोनिडीजांनी फ्रान्समधील पंडितांना पाठविलेल्या एका पत्रात, हिंदुस्थानातील यहुद्यांना शब्बाथ आणि सुंता यांखेरीज धर्माची माहिती नाही, असा उल्लेख केला आहे. तो कोकणच्या बेने इस्रायलांनाच उद्देशून आहे की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु वर्णन त्यांना लागू पडते हे खरे.

बेळगाव-निपाणीच्या वाचकाला हा विचार अपरिचित नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अजाणता केलेले पाप आणि इच्छापूर्वक केलेले पाप यांची प्रायश्चित्ते वेगवेगळी सांगितली आहेत, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात प्रायश्चित्तविचाराची सविस्तर छाननी केली आहे. या भागातील जैन कुटुंबांत प्रतिक्रमणाच्या वेळी चालताबोलता नकळत झालेल्या जीवहिंसेबद्दलही क्षमा मागितली जाते, आणि दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी लहानथोर परस्परांची क्षमा मागतात. धर्म वेगळे, तत्त्वज्ञाने वेगळी. पण न कळता झालेल्या चुकीचीही दखल घ्यावी आणि तिच्यापायी माणसाला मात्र टाकू नये, हा विवेक सर्वत्र आढळतो.

बेने इस्रायलांच्या बाबतीत ही भरपाई कशी झाली? त्यांच्या परंपरेत दाविद रहाबी नावाच्या परदेशी यहुदी विद्वानाची कथा आहे. हे लोक खरोखरच यहुदी आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी रांधावयास घेतली आणि बाकीची बाजूला सारली. रहाबीची खात्री पटली. त्याने तीन घराण्यांतील पुरुषांना शिकवून समाजाचे धर्मकृत्य त्यांच्याकडे सोपविले; त्यांना काजी म्हणत. या कथेचा काळ निश्चित नाही. तिचे तात्पर्य मात्र स्पष्ट आहे. रहाबीने काय विसरले हे मोजले नाही. काय आठवते आहे ते पाहिले, आणि तेथून शिकवणीस आरंभ केला.

अठराव्या शतकात बेने इस्रायल मुंबईस येऊ लागले आणि कंपनीच्या पलटणींत शिरले. बेळगाव हे पुढे ज्या मुंबई लष्कराचे मोठे ठाणे बनले, त्याच लष्करात त्यांनी नाव कमावले. त्यांपैकी सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. टिपूच्या कैदेतून सुटल्याबद्दलचा तो नवस होता, असे परंपरा सांगते. ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे नाव. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी तेथे व कोकणात प्रार्थना आणि विधी शिकविले. १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरणाचे पुस्तक मराठीत लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी विद्या घेतली, आणि फारच थोडे अपवाद वगळता धर्म आपलाच ठेवला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांचे मराठीत भाषांतर करण्यात हयात वेचली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली. १८८० पासून तर बायबलातील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. साकी-दिंडी-ओव्यांतून अब्राहाम आणि मोशे यांची चरित्रे गाइली जाऊ लागली. अशा रीतीने जे विसरले होते ते परत आले, आणि ते आले मराठीतून.

येथे एक भेद लक्षात ठेवावयास हवा. इतरांहून वेगळे ते सारे चूक, असे या समाजाने मानले नाही. गोडवलेले पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने केला जाणारा ‘मलिदा’ ही त्यांची खास कोकणी चाल. अलिबागजवळील खंडाळा येथे या संदेष्ट्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे, अशी श्रद्धा आहे. कोचीनचे शिक्षक आले, छापील पोथ्या आल्या, तरी मलिदा राहिला. चूक सुधारावी आणि चाल सांभाळावी, हे तारतम्य त्यांनी राखले.

परंतु चुकीचा निवाडा दुसऱ्याच्या हाती गेला म्हणजे काय होते, याचा अनुभवही त्यांना पुढे आला. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाल्यावर हजारो बेने इस्रायल तेथे गेले. तेथील प्रमुख धर्मपीठाने त्यांचे यहुदीत्व मान्य केले. परंतु १९६२ मध्ये अशी सूचना काढली, की त्यांच्यापैकी कोणाचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करावी. कोकणातील त्या विस्मृतीच्या शतकांत घटस्फोट आणि निपुत्रिक विधवेचा पुनर्विवाह शास्त्रोक्त रीतीने झाले असतील काय, ही त्यामागील शंका. म्हणजे ज्या अज्ञानाला शास्त्राने सौम्यतेने वागविले होते, त्याचेच ओझे नातवंडा-पतवंडांच्या माथी आले. कोणाही एका व्यक्तीचा दोष सिद्ध झालेला नव्हता. संशय मात्र साऱ्या समाजावर होता. बेने इस्रायलांनी त्याविरुद्ध चळवळ केली. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत आणि इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, असे जाहीर केले. त्यानंतर धर्मपीठाने आपल्या सूचनेतून त्यांचे नाव वगळले.

आपण कोण, आपली भाषा कोणती, हे कागदोपत्री दाखवून देण्याची पाळी काय असते, ते या सीमाभागाला समजावून सांगण्याची गरज नाही. बेने इस्रायलांच्या हाती त्या वेळी वंशावळीचे दप्तर नव्हते. हाती होते ते किहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेलेला समाजाचा इतिहास, मराठी प्रार्थनापुस्तके आणि घरातून आलेली आठवण.

यहुदी परंपरेत ग्रंथांविषयीही एक नियम आहे : चुका असलेली, न तपासलेली पोथी तीस दिवसांहून अधिक काळ घरात ठेवू नये. ती दुरुस्त करावी, नाहीतर बाजूला काढावी. ज्या समाजाच्या पोथ्याच समुद्रात गेल्या, त्याला हा नियम पाळावयास शेकडो वर्षे लागली. दारफळणीच्या रात्री, प्रायश्चित्ताच्या प्रार्थनेच्या आरंभी, ‘गणना’ ग्रंथातील एक वचन म्हटले जाते. साऱ्या मंडळीला आणि तिच्यात राहणाऱ्या परक्यालाही क्षमा होईल, कारण जे घडले ते सर्वांकडून अजाणता घडले, असा त्याचा आशय आहे. कोकणातील घरांत ती रात्र कित्येक पिढ्या या वचनावाचूनच गेली. दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून माणसे उपाशी बसून राहात, आणि क्षमा कशाची मागावयाची ते सांगणारे पुस्तक घरात नसे. ते पुस्तक मराठीत छापून आले, तेव्हा त्यांनी ते वाचावयास घेतले.