रंगाच्या आधी उजेड

मुलगी सासरी गेल्यावर तिची खोली नातवंडांसाठी नीट करायची ठरली. सामान जुनंच होतं: एक कपाट, एक बाक आणि अम्मीने सावंतवाडीहून आणलेला चौरंग. दुकानदाराने शेडकार्ड उघडलं आणि मी बावरलो. एकाच हिरव्याची वीस नावं! शेवटी रंगाऱ्याला म्हटलं, ‘भिंतीला जुळेल असा एकच रंग सगळ्याला मारून टाका.’ त्याने पॉलिशपेपर लावला. तासाभरात चौरंगाच्या काठावरची वेलबुट्टी भुगा होऊन जमिनीवर पडली. सांगणारा मीच, म्हणून दोषही माझाच. त्या कोऱ्या फळीने मला सावंतवाडीच्या चिताऱ्यांचा इतिहास शोधायला लावलं.

हा इतिहास सुरू होतो पत्त्यांपासून. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत ताज, शमशेर, गुलाम असे आठ गट आणि ९६ पत्ते. आपल्याकडे हाच खेळ दशावतारी झाला: मत्स्य, कूर्म, वराह असे दहा गट आणि १२० पत्ते. दरबार बदलला, देव आले, डाव तोच राहिला. पत्त्यांच्या गटाला आपण मराठीत ‘रंग’च म्हणतो, आणि गंजिफेत ते अक्षरशः खरं आहे. प्रत्येक गटाची जमीन वेगळ्या रंगाची असते. दिव्याच्या उजेडात, हातातल्या पंख्यातून पत्त्याची नुसती कड दिसली तरी गट ओळखता यायला हवा. म्हणजे रंग निवडायचा तो नुसता आवडीने नव्हे, कामाने.

त्या पत्त्यांची घडणही तशीच सावकाश. कापडाला चिंचोक्याची खळ, त्यावर खडूचा थर, मग दगडाने घोटाई. त्यानंतर रंग, आणि सर्वांत वर लाखेचं रोगण. चौरंग, पाट, देव्हारे रंगवतानाही क्रम हाच: आधी गुळगुळीत तळ, मग जमिनीचा एक सपाट रंग, त्यावर काठ, पानं, फुलं आणि शेवटी चमक. कोकणातल्या उतरत्या छपराच्या, पावसाळ्यात दिवसाही अंधारणाऱ्या घरात ठसठशीत तांबडा किंवा पिवळा रंग लांबून दिसतो. वरचं रोगण खिडकीतला थोडका उजेड पकडून ठेवतं.

छापील पत्ते आले आणि ही कला मरणपंथाला लागली. वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती शिकून घेतली. १९७१ साली राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं. गंजिफेबरोबर खुर्च्या, टेबलं, पेट्याही रंगू लागल्या. पत्ते खेळणारे उरले नाहीत, तेव्हा त्या हातांना लाकडी सामानाने काम दिलं.

एवढं समजल्यावर मी शेडकार्ड मिटलं आणि आधी खोलीत जाऊन बसलो. उजेड कुठून येतो, किती वेळ राहतो, ते पाहिलं. खिडकीसमोरच्या वस्तूला चकचकीत हात दिला तर डोळे दिपतात. तिथे मंद चमक बरी. अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र चमक हवीच. नक्षी एकाच वस्तूवर असावी, बाकीच्यांनी तिच्या जमिनीचा रंग घ्यावा. आणि लाखेला ओल व ऊन सोसत नाही. गरम कप टेकला की पांढरं वळं उमटतं. म्हणून जेवणाच्या टेबलाला ती नको.

रंगाऱ्याला थांबवून चौरंग उलटा केला. एका पायाच्या आतल्या बाजूला नखाएवढा तांबडा रंग शिल्लक होता. वेल काही परत आली नाही. पण कपाटाचा रंग त्या नखाएवढ्या तुकड्यावरून ठरला.