ज्ञानोदय आणि चर्चचं संकेतस्थळ

मंडळी, सध्या एक वेगळंच काम गळ्यात पडलंय. इथे कळमन्यातल्या एका मित्राच्या चर्चला स्वतःचं संकेतस्थळ हवंय आणि "तू त्यातला माणूस, काय काय टाकायचं ते तूच सांग" असा हुकूम झालाय. त्यांनी यादी पाठवली होती: इमारतीचा मोठ्ठा फोटो, पाळकांचा संदेश, कमिटीची नावं, कमिटीचे फोटो. ती वाचताना मला एकदम १८४२ साल आठवलं. (सवयच वाईट, काय करणार!)

त्या वर्षी जूनमध्ये अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केलं. 'दर्पण' नुकतंच बंद पडलेलं, मराठीत वाचायला नियतकालिकं अगदी मोजकी. ज्ञानोदयात धर्मप्रसार होताच, तो त्यांचा हेतूच होता आणि त्यावरून वादही भरपूर झाले. पण त्याच पानांत भूगोल, विज्ञान, देशोदेशीच्या बातम्या असायच्या. म्हणजे ज्याला चर्चशी काहीच देणंघेणं नाही, त्यालाही अंक उघडायला कारण होतं.

आणि आज ज्ञानोदय कशासाठी आठवला जातो? मिशनरी संपादकांच्या लेखांसाठी तर नक्कीच नाही. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यात दोन भागांत एक निबंध आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली कोवळ्या वयाची मुलगी. वेद वाचायचा अधिकारच आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा तिचा थेट सवाल होता. ही मुलगी मिशनची नव्हती, कमिटीची तर नव्हतीच. तिला जागा दिली म्हणून ते पान पावणेदोनशे वर्षं टिकलं. मित्राला मी म्हटलं, पाळकांचा संदेश ठेव बाबा, पण वस्तीतल्या नर्सताईला, हमाली करणाऱ्या माणसाला, दहावीतल्या पोरीलाही लिहू दे. भाषा सुधारत बसू नको.

भाषेवरून आठवलं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, अस्सल मराठीत. पण १६१६ साली ते छापलं गेलं रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते! १९०७ ची मंगळूरची आवृत्तीसुद्धा रोमनच. बंडेलूंनी देवनागरीत आणलं ते थेट १९५६ मध्ये. आपल्याकडे आता युनिकोड आहे, तरी लोक मराठी मजकुराचा फोटो काढून चिकटवतात. तो ना शोधता येत, ना आंधळ्या माणसाच्या मोबाईलला वाचून दाखवता येत. स्टीफन्सची अडचण खरी होती, आपला निव्वळ आळस आहे.

बाकी किरकोळ गोष्टी पटकन सांगतो. उपासनेची वेळ आणि ती मराठीत की हिंदीत, हे सगळ्यात वर हवं. पत्ता कळमना मार्केटच्या कोणत्या फाटकापासून, कोणत्या वळणावर, असा. लागणारा फोन नंबर. पान साध्या मोबाईलवर उघडलं पाहिजे. मागच्या नाताळचं आमंत्रण जूनमध्ये झळकत असेल तर दाराला कुलूप आहे असंच वाटतं. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोत, आणि आजाऱ्यांची नावं प्रार्थनेच्या यादीतून जगजाहीर करू नयेत.

आता आपल्या नागपूरचा माणूस. (जन्माने स्कॉटिश, पण नागपूरचाच म्हणायचा.) स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आला, शाळा काढली. कामठीच्या छावणीतही मिशनचं काम चालायचं. धर्म सांगता सांगता हा मनुष्य दगड गोळा करायचा, जीवाश्म शोधायचा, गोंडांमध्ये बसून त्यांचे शब्द आणि लिंगोची कथा टिपून घ्यायचा. ४ सप्टेंबर १८६३ ला बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. वय फक्त पंचेचाळीस. त्याची टिपणं वाचली, कारण ती सापडतील अशी होती आणि चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पलने ती १८६६ मध्ये छापून घेतली.

संकेतस्थळांचं उलट होतं. एक उत्साही पोरगा सगळं उभं करतो, नोकरीसाठी पुण्याला जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, वर्षभरात डोमेनचे पैसे भरायचे राहतात आणि लोकांनी लिहिलेलं सगळं गडप! म्हणून मित्राला पहिली अट घातलीय. डोमेन चर्चच्या नावावर घ्यायचं, पासवर्ड तिघांकडे ठेवायचा, आणि दर सहा महिन्यांनी सगळा मजकूर कागदावर छापून चर्चच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या वहीशेजारी.