प्रतिसरकारची आठवण आणि आजची तरुण मुले

संयोजकांनी विषय जरा भारदस्त लिहिलाय : तरुणांना इतिहासाच्या स्मरणकार्यात सहभागी करण्यासाठी अनुदाने. साध्या भाषेत सांगायचे तर, आपल्या पोरापोरींनी गावचा स्वातंत्र्यलढा शोधून काढावा म्हणून कुणी पैसे द्यावेत का, आणि दिले तर ते कशावर खर्चावेत.

कडेगावात हा प्रश्न पुस्तकी नाही. दक्षिणेला कुंडल आहे. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांचे प्रतिसरकार 1943 ते 1946 याच टापूत चालले. आपल्याच तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण त्याच चळवळीत भूमिगत होते. हे सांगणारी माणसे आता उरली नाहीत. विट्याच्या हौसाताई पाटील सप्टेंबर 2021 मध्ये गेल्या. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, फेब्रुवारी 2022 मध्ये. शेणोलीजवळ 7 जून 1943 रोजी पगाराचा पैसा नेणारी आगगाडी अडवली गेली, त्यात भाऊ होते. त्या कामाला कुणी ‘लूट’ म्हटले की शेवटपर्यंत ते हरकत घ्यायचे. इंग्रजांनी आमचेच पैसे चोरले होते, ते आम्ही परत आणले, असे त्यांचे म्हणणे. एका शब्दासाठी नव्वदी ओलांडलेला माणूस भांडतो, यातच इतिहासाचे निम्मे शिक्षण आहे.

आता पैशाकडे येऊ. स्मरणासाठी शासनाने मोठा पैसा खर्च केला तो निवृत्तिवेतनावर. 1972 मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्राची योजना आली. 1980 मध्ये ती वाढवली. योग्यच झाले. पण अट पाहा. सर्वसाधारणपणे सहा महिने तुरुंगवास, स्त्रियांना तीन. भूमिगत असाल तर फरारी घोषित केल्याचा, बक्षीस लावल्याचा कागद, नाहीतर दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या सैनिकाचा दाखला. आणि प्रतिसरकारचे सगळे कौशल्य कशात होते? सापडायचे नाही, यात! नाना पाटील तेवढी वर्षे पोलिसांच्या हाती लागले नाहीत. ज्या घरांनी भाकरी पुरवली, रात्री कडी काढली, त्यांच्याजवळ कागद कुठला असणार? म्हणजे योजनेने ज्यांना ओळखले त्यांची यादी झाली, आणि पुढे ती यादी हाच इतिहास झाला. 2023 च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगाव शिलाफलक लागले. फलक हवेत, माझा विरोध नाही. पण फलकावर नाव जाते ते आधीच्या यादीतून.

दुसरी अडचण जिल्ह्याची. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाने अमृत महोत्सवात जिल्हावार डिजिटल संग्रह सुरू केला, कल्पना चांगली आहे. पण 1942 मध्ये सांगली जिल्हा होता कुठे? 1949 साली ‘दक्षिण सातारा’ झाला, 1960 साली त्याला सांगली नाव मिळाले. कुंडल तर औंध संस्थानात. कडेगाव तालुकाही अलीकडचा, आधी आपण खानापुरात. मुलगी ‘सांगली’ म्हणून शोधायला लागली तर तिच्या पणजोबांचा कागद साताऱ्याच्या नावाखाली पडलेला. एका जिल्ह्याच्या चौकटीतले अनुदान या लढ्याला पुरणारच नाही.

माझा विषय तत्त्वज्ञान, म्हणून थोडे तिकडे जातो, कंटाळू नका. नैयायिक स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान मानत नाहीत. कारण ती संस्कारातून उठते, आणि संस्कार पूर्वीच्या अनुभवाचा. मग ज्याला अनुभवच नाही त्या विसाव्या वर्षाच्या पोराने 1943 ‘आठवायचे’ कसे? त्याला ते ऐकावेच लागते. ते शब्दप्रमाणाचे काम आहे, आणि शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. तेव्हा या मुलांना शिकवायचे ते घोषणा नव्हे, आप्त कोण हे ओळखणे : हे आजीने पाहिले की ऐकले? दुसऱ्या घरात काय सांगतात?

आणि दुसऱ्या घरात वेगळेच सांगतात. कार्यकर्ते स्वतःला प्रतिसरकार म्हणत. लोकांनी ‘पत्री सरकार’ केले, पायाला पत्र्या ठोकतात या बोलण्यावरून. गावगुंड, खबरे यांना शिक्षा झाल्या हे खरे आहे. न्यायनिवाडे झाले, सावकारीला आळा बसला, गांधी विवाह लागले, हेही खरे. ज्या घरातल्या माणसाला शिक्षा झाली ते घर अजून त्याच गल्लीत आहे. तिथे फोन चालू करून मुलगा गेला की काय होईल, सांगा! ते घर वगळायचे नाही, आणि त्याचे नाव चव्हाट्यावरही आणायचे नाही. हे एका दिवसाच्या कार्यशाळेत शिकवता येत नाही.

जर्मनीत 2000 साली कायद्याने एक प्रतिष्ठान निघाले. सरकार आणि उद्योग यांनी मिळून सुमारे 10 अब्ज मार्क दिले. नाझी काळात सक्तीने राबवलेल्या साडेसोळा लाखांहून अधिक माणसांना 2007 पर्यंत भरपाई वाटली, आणि 70 कोटी मार्क पुढच्या कामासाठी बाजूला ठेवले. त्यातून तरुणांचे प्रकल्पही चालतात. जगलेल्यांची भरपाई आणि पुढच्यांचे स्मरण एकाच कायद्यात, ही गोष्ट मला पटते. आपल्याकडे निवृत्तिवेतन घेणारा गेला, विधवा गेली की फाईल बंद.

पैसा आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून आहे. वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचे शिबिर. त्यातली एक तुकडी खड्ड्यांऐवजी वहीकडे वळवा. एसटीचे तिकीट, दुपारचे जेवण, मोडी वाचणाऱ्याचे मानधन, ध्वनिमुद्रण उतरवून काढणाऱ्या मुलीला रोज. राजवाड्यांनी 1898 पासून साधनांचे खंड काढले ते पदरमोड करून, पायपीट करून. पण गरीब घरच्या पोरांनी राजवाडे व्हावे अशी अपेक्षा ठेवणे हा अन्याय आहे. आणि 31 मार्चची मुदत तेवढी काढा. ऊसतोडीत, सुगीत कुणाला बोलायला सवड नसते. पहिल्या भेटीत चहा मिळतो, माहिती तिसऱ्या भेटीत. ‘तिसऱ्या भेटीचा प्रवासखर्च’ असा रकाना ज्या अर्जात असेल, तो अर्ज कुणीतरी या कामाची माहिती घेऊन तयार केला असे मी समजेन.

आता तुमचे प्रश्न घेऊ. खबऱ्यांच्या घरांबद्दल कुणाला विचारायचे असेल तर आधी तेच विचारा.