शब्दवेध : तमाशा

विठ्ठलवाडीच्या फलाटावर दोघे हमरीतुमरीवर आले की तिसरा म्हणतोच, "काय तमाशा लावलाय!" गण-गवळण, लावणी, वग एवढा ऐवज असलेल्या कलेचं नाव आपण असं वापरतो!

शब्दाचा अरबी धातू चालण्याचा. फारसीत 'तमाशा' म्हणजे हिंडत मौज पाहणं. पुढे पाहण्याजोगी गोष्टच तमाशा झाली. उस्मानी तुर्कीत 'तेमाशा' नाटकालाही म्हणत.

इस्तंबूलला जाणाऱ्याने फक्त गिरक्या घेणारे दरवेशी पाहून परतू नये. त्या तेमाशाचाच एक जुना लोकनाट्यप्रकार, 'ओर्ता ओयुनू', कुठे लागला असेल तर गाठावा. पडदा नाही, प्रेक्षक भोवताली. सनईसारखी झुर्ना वाजते, सूत्रधार पिशेक्यार लाकडी फळ्या फटफटवत येतो आणि मोठी पगडीवजा टोपी घातलेला कावुक्लू त्याच्या प्रत्येक शब्दाचा भलताच अर्थ लावतो. थेट आपला सोंगाड्या!