वाड्याच्या भिंतीचे दुखणे

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची गावे हिंडताना एखादी गढी, नाहीतर जुना वाडा हमखास भेटतो. खाली काळ्या घडीव दगडाचे थर, वर पांढऱ्या मातीची भिंत, कोपऱ्याला खचलेला बुरूज. अलीकडे त्यात आणखी एक दृश्य दिसू लागले आहे. दर्शनी भिंतीवर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा आणि त्यावर झगझगीत रंग. मालकाने पदरमोड करून, पूर्वजांच्या वास्तूवरील प्रेमापोटी केलेली ही दुरुस्ती असते. पण पुष्कळदा तीच भिंतीच्या मुळावर येते.

ते समजण्यासाठी आधी भिंत समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती नांदलेल्या जागेची ती राखट, चिकट माती. गढीच्या भिंती तिच्याच आणि घरावरचे माळवदही तिचेच. ही माती पाणी पिते आणि ऊन पडले की ते सोडून देते. भिंत श्वास घेते, असे जुने गवंडी म्हणत, ते याच अर्थाने.

मात्र अशी भिंत दरवर्षी माणसाचा हात मागते. मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची, चोपून घ्यायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, भिंतीला पडलेल्या भेगा लिंपायच्या. निजामी अमलात गढीवाल्याच्या शब्दाखातर ही कामे होत. त्यातली किती खुशीने आणि किती धाकाने, हा वेगळा विषय आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. जे जायला हवे होते ते गेले, पण त्याबरोबर गढ्यांची वार्षिक डागडुजीही थांबली. घरातली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी शहरात गेली. बंद घराच्या माळवदावर पिंपळ उगवला. पडक्या गढीची माती तर लोकांनी गाड्या भरभरून शेतात नेली.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडली. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. बीड जिल्हा शेजारचाच. दगडमातीच्या घरात झोपायचेच नाही, अशी धास्ती इथेही बसली आणि कित्येक चांगले वाडे भीतीपोटी उतरवले गेले. भीती खोटी नव्हती. पण दगड हा खरा गुन्हेगार नव्हता. दरवर्षी टाकलेल्या मातीने माळवदे एक-दोन फूट जाड, म्हणजे भयंकर जड झाली होती. जुनी माती खरवडून काढावी आणि मग नवी टाकावी, एवढे पथ्य पाळले गेले नव्हते. दुसरा दोष भिंतीच्या पोटात होता.

दोन-तीन फूट जाडीची ही भिंत खरे तर दोन भिंतींची असते. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये दगडांची खांडोळी व माती. हे दोन थर एकमेकांना धरून ठेवायचे, तर अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड हवा. घाईत किंवा काटकसरीत बांधलेल्या भिंतीत तो नसतो. पाणी मुरले की मधली माती फुगते, खाली बसते आणि बाहेरचा थर सुटू लागतो. भिंतीने पोट काढले, असे आपण म्हणतो ते हेच. किल्लारीत अशा भिंती क्षणात उकलल्या. त्याच भागात जिथे लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर छत होते, तिथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला आणि त्याखाली माणसे वाचली.

भूकंपानंतर १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. नवी गावे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण उभी असलेली घरे मजबूत करण्याचाही त्यात भाग होता. भिंतीला आरपार भोक पाडायचे, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचे आणि दोन्ही थर एकमेकांना शिवून टाकायचे. माझ्या मते त्या सबंध कार्यक्रमातला हा सर्वांत शहाणा भाग होता आणि सर्वांत कमी लक्षात राहिलेलाही.

आता सिमेंटकडे येऊ. सिमेंट कडक असते आणि पाण्याला वाट देत नाही. मातीच्या भिंतीशी ते एकजीव होत नाही, नुसते कवच होऊन राहते. त्याला केसाएवढी चीर पडली की पावसाचे पाणी आत शिरते, जोत्यातून ओल वर चढते आणि दोघांनाही बाहेर पडायला जागा उरत नाही. बाहेरून भिंत कोरडी, रंगीत आणि आत चिखल. चार-सहा पावसाळ्यांनी गिलाव्याचे पापुद्रे येताना माती घेऊनच येतात. दगडी भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या तरी तीच गत.

चुन्याचे तसे नाही. चुनखडी भाजून, विझवून, वाळूबरोबर घाण्यात मळलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. भिंत थोडी हलली तर तो थोडा सोसतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. त्यात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळ घालण्याची रीत होती. मातीच्या भिंतीला मात्र पांढऱ्या मातीचाच लेप उत्तम. अडचण इतकीच, की चुन्याला घाई चालत नाही. भर उन्हाळ्यात तो तडकतो, पावसात धुऊन जातो. दसऱ्यानंतर काम काढावे आणि गोणपाट लावून ते रोज ओले ठेवावे.

पुण्याचा विश्रामबागवाडा १८७९ मध्ये जळाला, तेव्हा वर्गणी जमली, नगरपालिका धावली. गावातल्या वाड्याला एकटा मालकच असतो. त्याच्या खिशाला परवडेल अशी गोष्ट एकच, वेळेवरची छोटी डागडुजी. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली, तेव्हा त्याचेही सांगणे हेच होते. आपल्या आज्यांना मॉरिस ठाऊक नव्हता, पण मृग ठाऊक होता.

म्हणून भिंतीला हात लावण्याआधी वर पाहावे. माळवद गळते का, पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर पडते का? पिंपळ ओढून काढू नये, मुळाबरोबर दगड निघतात. तो कापून मूळ मारावे. पोट काढलेला भाग उतरवायचा तर छताला आधी टेकू द्यावा, प्रत्येक दगडावर चुन्याने आकडा घालावा आणि दगड त्याच जागी परत बसवावा, या वेळी आरपार दगडांसह. नंतर खाली पाहावे. काँक्रीटचे थरावर थर देऊन गल्लीतला रस्ता इतका उंचावला आहे, की पुष्कळ वाड्यांच्या ओट्याच्या पायऱ्या त्याखाली गेल्या आहेत आणि गल्लीतले पाणी थेट जोत्यात जाते. तिथे जोत्यालगत उताराची गटार काढायला दोन माणसांचे काही दिवसांचे काम पुरते. गिलाव्याचा विचार पुढच्या दिवाळीनंतर केला तरी चालेल.