व्हिक्टोरियाचे श्वानगृह आणि 'जातिवंत' हा शब्द

मराठीत कुत्र्याची जात विचारली जाते आणि माणसाचीही. 'जातिवंत' हे विशेषण घोड्याला, कुत्र्याला, इतकेच काय कलावंतालाही लावता येते. आणि ते नेहमी गौरवाचेच असते. इंग्रजीत 'ब्रीड' आणि 'कास्ट' हे शब्द वेगळे आहेत खरे. परंतु 'कास्ट'च्या मुळाशी असलेला पोर्तुगीज 'कास्टा' हा शब्दही वाण, पैदास, कूळ याच अर्थांचा. सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांनी तो येथील समाजरचनेला लावला. शब्दांचे हे नाते ध्यानात ठेवले, तर लहान जातिवंत कुत्र्यांच्या पैदाशीचा आणि प्रदर्शनांचा इतिहास ही केवळ रिकामटेकड्या श्रीमंतांची गंमत राहत नाही.

या छंदाची सर्वांत ठळक नायिका म्हणजे राणी व्हिक्टोरिया. तिच्या एकाकी बालपणाचा सोबती डॅश नावाचा लहानसा स्पॅनियल होता. २८ जून १८३८ रोजी राज्याभिषेकाचा लांबलेला सोहळा आटोपून राजवाड्यात परतल्यावर या एकोणीस वर्षांच्या राणीने त्याला अंघोळ घातली, ही नोंद प्रसिद्धच आहे. पुढे विंडसरला स्वतंत्र श्वानगृह उभे राहिले. १८६० मध्ये पेकिंगजवळचा ग्रीष्मप्रासाद ब्रिटिश व फ्रेंच सैन्याने लुटला, तेव्हा हाती लागलेल्या पेकिनीज कुत्र्यांपैकी एक राणीला नजर करण्यात आले. त्याचे नाव ठेवले गेले 'लूटी'. इंग्रजांनी 'लूट' हा शब्द हिंदुस्थानातून नेला आणि चीनमधून नेलेल्या प्राण्याला तो नाव म्हणून चिकटवला. साम्राज्याचे इतके निखळ आत्मवृत्त दुसऱ्या एखाद्या शब्दात क्वचितच सापडेल.

तथापि या छंदाचा खरा परिपाक दिसतो तो पॉमेरेनियनच्या बाबतीत. १७६७ मध्ये राणी शार्लटने या जातीची कुत्री इंग्लंडात आणली, तेव्हा ती बरीच मोठी होती. गेन्सबरोच्या चित्रांत त्यांचा तो अंगलोट आजही पाहता येतो. १८८८ मध्ये फ्लॉरेन्सच्या मुक्कामात व्हिक्टोरियाने मार्को नावाचा लहान चणीचा कुत्रा घेतला. १८९१ मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागात क्रफ्ट्सचे पहिले प्रदर्शन भरले आणि त्यात राणीची पॉमेरेनियन कुत्री उतरली. राणीला लहान कुत्री आवडतात म्हटल्यावर अवघ्या समाजाला ती आवडू लागली. तिच्या हयातीत या जातीचा सरासरी आकार सुमारे निम्म्यावर आला, असे सांगितले जाते. २२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बर्न येथे तिने प्राण सोडला, तेव्हा टुरी नावाचे पॉमेरेनियन तिच्या बिछान्यावर होते.

येथे प्रेम खोटे नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. प्रश्न असा की, एका व्यक्तीच्या आवडीतून एका प्राणिजातीचे शरीर बदलते ते कोणत्या यंत्रणेने? ती यंत्रणा एकोणिसाव्या शतकाने घडवली. जून १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे पहिले औपचारिक श्वानप्रदर्शन भरले. १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि १८७४ मध्ये त्याने वंशावळीची पहिली नोंदवही प्रसिद्ध केली. एकदा नोंदवही आली की, कुत्र्याची ओळख त्याच्या कामावरून ठरेनाशी झाली. ती ठरू लागली पूर्वजांवरून आणि परीक्षकाने मोजलेल्या कान, नाक, शेपटी यांवरून. योगायोग असा की, डार्विनचा प्रसिद्ध ग्रंथही १८५९च्याच नोव्हेंबरमधला, आणि त्याचा आरंभ होतो तो पाळीव प्राण्यांच्या, विशेषतः कबुतरांच्या, पैदाशीच्या विवेचनाने. जाती चिरंतन नसतात, हे डार्विन पैदासकारांच्या अनुभवावरून दाखवीत होता. आणि जणू काही त्या चिरंतन आहेत अशा थाटात पैदासकार त्यांच्या सीमा आखीत होते.

या विसंगतीवर साहित्यात सर्वांत मार्मिक बोट ठेवले ते व्हर्जिनिया वुल्फने. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेले 'फ्लश' हे एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या स्पॅनियलचे चरित्र. विद्यार्थी ते सहसा विनोदी उपकृती म्हणून बाजूला ठेवतात. परंतु त्याच्या आरंभीच स्पॅनियलच्या गुणदोषांची क्लबने केलेली काटेकोर व्याख्या आणि माणसांच्या खानदानीपणाच्या संदिग्ध कसोट्या वुल्फ शेजारी शेजारी मांडते. लंडनमध्ये फ्लशला आपला दर्जा पक्का ठाऊक असतो. इटलीत मात्र त्याला सर्वत्र संकरच आढळतो; आणि पिसवांमुळे त्याचे केस कापावे लागतात, तेव्हा खानदानाचे चिन्हच गळून पडते व तो मुक्त होतो. ज्या फ्लॉरेन्समध्ये वुल्फचा फ्लश कुलाभिमान विसरला, त्याच शहरातून व्हिक्टोरियाने मार्कोला नेले आणि नोंदवहीत बसवले.

नोंदवही बंद ठेवण्याची किंमत शरीराला द्यावी लागते. मर्यादित पूर्वजांतच संकर होत राहिल्याने आनुवंशिक दोष साचतात. चिमुकल्या पॉमेरेनियनमध्ये गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनलिका दबणे हे विकार परिचित आहेत. २००८ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाने हा विषय चव्हाट्यावर आणला. पुढच्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवले, आणि आई-मुलगा, बाप-मुलगी वा सख्खी भावंडे यांच्या संकरातून झालेल्या पिल्लांची नोंद करणे केनेल क्लबनेही बंद केले.

मराठी वाचकाला येथे डॉ. आंबेडकरांचे स्मरण व्हावे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म एका गोष्टीत दाखवले होते : वर्तुळाबाहेर विवाह न होऊ देणे. १९३६ मध्ये, जातीमुळे वंश शुद्ध राहतो, या युक्तिवादाचाही त्यांनी समाचार घेतला. माणूस आणि कुत्रा यांची येथे तुलना नाही. माणसांच्या उच्चनीचतेची भाषा प्राण्यांवर लादली जाते आणि 'निसर्गनियम' असे रूप घेऊन माणसांकडेच परत येते, एवढेच लक्षात घ्यावयाचे आहे.

आपल्याकडे घरोघर ज्याला 'पॉमेरियन' म्हणतात, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. 'हम आपके हैं कौन'मधला (१९९४) टफी त्याच जातीचा. पॉमेरेनियनच्या मापाने तो मोठा, म्हणून दोषी. परंतु त्या घरांना याने काही फरक पडलेला नाही. त्यांनी नाव चुकीचे घेतले असेल. दारात शेपूट हलवणाऱ्याचे माप मात्र घेतले नाही. छंद आणि माया यांतला भेद कदाचित इतकाच असावा.